दानात दिलेला फोन

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे तंजावुरातल्या आमच्या सगळ्या गोतावळ्याला ठाऊक आहे. लग्नात सासूबाईंनी यांना बजावलं होतं म्हणे, "पोरगी गुणाची आहे, पण उकळी आली की झाकण धरून ठेव." यांनी एकतीस वर्षं झाकण धरलं. ते गेले आणि त्यानंतरच्या पंधरवड्यात मी जे करून बसले, ते इथं लिहिते आहे. देवनागरी मला आईनं शिकवली म्हणून लिहिता येते. माझ्या मुलीला ती वाचता येत नाही, आणि या बाबतीत तेच बरं आहे.

बँकेतून निवृत्त झाल्यावर यांनी एक काम सुरू केलं होतं. आमच्या गावात आणि आसपासच्या खेड्यांत एकटी राहणारी म्हातारी माणसं पुष्कळ. मुलं अमेरिकेत, सिंगापुरात, गेला बाजार चेन्नईत. ती मुलं आपल्या आईबापांचं नाव यांच्याकडे नोंदवायची. पद्धत अगदी साधी होती. सकाळी सहा ते आठच्या दरम्यान प्रत्येकानं आमच्या ऑफिसच्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. दोन रिंगा वाजू द्यायच्या आणि ठेवून द्यायचं. म्हणजे, मी उठलोय, माझं बरं चाललंय. आठपर्यंत ज्याचा कॉल आला नाही, त्याला हे स्वतः फोन लावायचे. उचलला नाही की स्कूटर काढायची, नाहीतर त्याच्या शेजाऱ्याला पाठवायचं. अशी अकरा माणसं होती.

ऑफिस म्हणजे आमची पुढची खोली आणि एक कॉम्प्युटर. फोनला तार नाही, रिसीव्हर नाही. कॉम्प्युटरवरच्या एका ॲपमध्ये तो नंबर राहायचा, तिथंच वाजायचा, आणि कुणी किती वाजता कॉल दिला त्याची यादीही तिथंच. तेच ॲप यांच्या मोबाइलवर. पत्ते, औषधं, शेजाऱ्यांचे नंबर, सगळं त्याच्याच पोटात. मी शंभरदा म्हटलं असेल, "अहो, एक वही ठेवा." तर म्हणायचे, "वही हरवते. हे हरवत नाही."

एके दिवशी किल्ल्याकडच्या एका निवृत्त तहसीलदारांचा कॉल आला नाही. फोनही उचलेनात. हे कॉफी अर्धी टाकून गेले. तहसीलदार ठणठणीत होते. नातवाशी व्हिडिओवर बोलत बसले होते आणि कॉल द्यायचं विसरले, एवढंच. हे परत निघाले, वाटेत स्कूटर कडेला लावून एका दुकानाच्या पायरीवर बसले, ते बसलेच. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी म्हटलं, हृदय नव्हे, तो मेला फोन.

आणि फोनला काय त्याचं? दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुढच्या खोलीत तो वाजायला लागला. दोन रिंगा, बंद. परत दोन रिंगा, बंद. घरात रडारड, आणि म्हाताऱ्यांचं आपलं चालूच, आम्ही उठलो, आम्ही ठीक आहोत. अरे उठलात ना, मग उठा! ज्याच्यासाठी कळवताय तो उठला नाही! तिसऱ्या दिवशी पुरुषमंडळी अस्थी आणायला गेली होती. मी त्या खोलीत गेले. ॲप बंद कसं करतात ते मला ठाऊक नव्हतं. कोपऱ्यात यांचा छोटा फोटो होता त्यावर दाबलं, तर खाली 'साइन आउट' आलं. नक्की का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, नक्की, हजारदा नक्की. ते गप्प झालं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मोबाइल मात्र मुलीनं चालू ठेवला होता, भेटीगाठीचे फोन येत होते म्हणून. मग बारावा दिवस आला. त्या दिवशी आमच्यात, गेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर लागेल ते दान देतात. छत्री, चपला, काठी, पाण्याचा तांब्या, दिवा, अंथरूण. आमचे वाध्यार, म्हणजे घरचे पुरोहित, पंचाहत्तरीचे, दोन गल्ल्या पलीकडे राहतात. त्यांनी विचारलं, "रोजच्या वापरातलं, त्यांचं आवडतं असं आणखी काही?" मी उठले, मुलीच्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि छत्रीशेजारी ठेवला. सगळे बघत राहिले.

"अम्मा, सिम तरी काढू दे," मुलगी कुजबुजली.

"तसाच राहू दे. अर्धवट दान देऊ नये. चार्जर पण आण."

तिनं आणला. वाध्यारांनी उदक सोडवलं, आणि फोन गेला. मला वाटलं, सुटले.

तेराव्याच्या जेवणाला ते तहसीलदार आले. मी त्यांच्याकडे बघत नव्हते, बघितलं असतं तर काय बोलले असते देव जाणे. पण जाताना तेच माझ्यासमोर येऊन हात जोडून उभे राहिले. म्हणाले, "अम्मा, त्या दिवसापासून मी एकही दिवस चुकवलेला नाही. सहा वाजून दहा मिनिटांनी कॉल देतो. तुम्ही बघता ना?"

"बघते," मी म्हटलं. त्यांना घालवायला म्हटलं.

ते गेले आणि मी बोटांवर दिवस मोजले. हा माणूस बारा दिवस रोज सकाळी कॉल देत होता, कुणीतरी बघतंय असं समजून. मग बाकीचे दहाही देत असणार. आमच्याकडची बातमी कुणाला कळली असेल, कुणाला नसेल. त्यातलं कुणी उद्या न्हाणीघरात पडलं, तर आठ वाजल्यावर कोण उठून जाणार होतं? ज्यांनी जायचं ते गेले, आणि ज्यातून कळायचं ते मी स्वतःच्या हातानं बंद केलेलं.

"दहा मिनिटांचं काम आहे," मुलगी म्हणाली. ती चेन्नईला कॉम्प्युटरचंच काम करते. तिनं ॲप उघडलं. आत जायचे पाच मार्ग पडद्यावर ओळीनं मांडले होते. तेव्हा मला हायसं वाटलं, पाच आहेत म्हणजे एखादा तरी उघडेल.

ईमेल आणि पासवर्ड हा पहिला. ईमेल ठाऊक होता. पासवर्ड कोण सांगणार? तिची जन्मतारीख घालून पाहिली, माझी, आमच्या लग्नाची, स्कूटरचा नंबर. पाचव्यांदा चुकलं तेव्हा ॲपनं सांगितलं, चोवीस तास आता प्रयत्न करू नका. पासवर्ड विसरलात तर इथं दाबा, असं खाली होतं. दाबलं, तर पत्र यांच्या ईमेलवर गेलं, आणि ईमेल उघडायला गेलो तर तो म्हणाला, तुमच्या मोबाइलवर आकडा पाठवला आहे, तो सांगा. ईमेलच्या खात्यातूनच सरळ आत या, असा दुसरा मार्ग होता. तोही त्याच दारात जाऊन थांबला. कंपनीच्या नावानं आत जायचं बटण तर मोठ्या कंपन्यांसाठी होतं, तिथं आमचं कोण विचारतंय. मग एक चौकोनी ठिपक्यांचं चित्र आलं, ते मोबाइलवरच्या ॲपनं टिपा म्हणे. आणि शेवटचा मार्ग सगळ्यांत सोपा. मोबाइलवर सहा आकडे येतात, ते इथं घाला.

मुलगी खुर्चीत मागे रेलली. म्हणाली, "अम्मा, सगळे रस्ते अप्पांच्या फोनवर जातात. वाध्यारमामांकडून परत मागू या. पाच मिनिटं लागतील. आकडे बघायचे आणि देऊन टाकायचा."

माझं झाकण उडालं. "दिलेलं दान परत मागायचं? तुझ्या बापाच्या वाटेवरचं काढून घ्यायचं? बाराव्याला दिलेलं तेराव्याला मागणाऱ्या घराला लोक काय म्हणतील?"

"अप्पांना तिथं सिग्नल मिळणार आहे का, अम्मा?"

मी तिच्या थोबाडीत मारली नाही एवढंच. "खबरदार," म्हटलं, "त्या घराच्या पायरीवर पाऊल ठेवशील तर." ती रडली. मीही रडले, पण ऐकलं नाही. आणि खरं सांगायचं तर फक्त दानाचा प्रश्न नव्हता. नुकती विधवा झालेली बाई आमच्या गल्लीत कुणाच्या दारात उभी राहत नाही. सकाळी सकाळी तर नाहीच नाही. लोक तोंडावर काही बोलत नाहीत, पण आतून दार लोटल्याचा आवाज येतो. तो आवाज मी दुसऱ्यांच्या बाबतीत ऐकला होता. माझ्या बाबतीत ऐकायचा नव्हता.

मग आम्ही माणसं हुडकायला लागलो. तहसीलदारांना तिघे ठाऊक होते. औषधाच्या दुकानदाराकडून चौघांचा पत्ता लागला. दोघांची मुलं परदेशातून मला सांत्वनाला बोलली होती, त्यांचे नंबर माझ्या फोनवर होते. चौदाव्या दिवशी संध्याकाळपर्यंत तहसीलदार धरून दहा झाले. दहाही जण सुखरूप. मी प्रत्येकाला माझा नंबर दिला आणि सांगितलं, उद्यापासून इथं कॉल द्या. उरली एक.

तिला आम्ही नुसतं टीचर म्हणायचो. गणिताच्या शिक्षिका होत्या, तमिळ, ऐंशीच्या आसपास. पाहिल्या कधीच नाहीत, पण आवाज पक्का ओळखीचा. दुपारी हे झोपलेले असताना कधी रक्तदाबाच्या गोळ्या सांगायला त्यांचा फोन यायचा, तो मी घ्यायची. "आज काय केलंस?" हा पहिला प्रश्न. मी आमटी म्हटलं की म्हणायच्या, "तुम्ही मराठे लोक, चिंच आणि गूळ घातल्याशिवाय पाणी तरी पिता का?" मी म्हणायची, "या एकदा, पाणीसुद्धा फोडणीचं देते." एकदा मी विचारलं, मुलाकडे का जात नाही? तर म्हणाल्या, "सून चांगली आहे गं, पण मला नुसतं बसवून ठेवते. बसून राहायला मी काय उत्सवमूर्ती आहे?" पापनाशमच्या पुढं कुठल्याशा खेड्यात घर, मागून कालवा वाहतो, एवढंच मला त्यांच्याबद्दल ठाऊक होतं. नाव यांच्या तोंडून कधी टीचरशिवाय ऐकलं नाही.

पंधराव्या दिवशी सकाळी मुलीनं ॲपवाल्या कंपनीला लिहिलं. तिकडून गोड उत्तर आलं. खातेदाराच्या निधनाबद्दल दुःख झालं, सुरक्षेसाठी मृत्यूचा दाखला आणि वारसाचा दाखला पाठवा, सात ते दहा कामाचे दिवस लागतील. दाखले अजून हातात यायचे होते. सात ते दहा दिवस! मी ओरडले, "तिथं एखादी पडली असेल तर तिनं सात दिवस पडून राहायचं का?" ओरडले कुणावर, तर कॉम्प्युटरवर.

मी साडी बदलली आणि पापनाशमची बस धरली. मोठ्या जाऊबाई फोनवर म्हणाल्या, तेरावा होऊन दोन दिवस झाले आणि बाई बसमध्ये? मी ऐकलं नाही. बसमध्ये मला कोण ओळखतंय? पापनाशमच्या स्टँडवर चहावाल्याला विचारलं, रिक्षावाल्यांना विचारलं, एका शाळेत शिपायाला विचारलं. गणिताच्या म्हाताऱ्या टीचर, एकट्या राहतात, घरामागे कालवा. रिक्षावाला हसला. "अम्मा, या भागात कुठल्या घरामागे कालवा नाही? आणि टीचर तर दर चौथ्या घरात." त्याच्याच रिक्षातून तीन गावं फिरले. शेतात पाणी, नारळीच्या बागा, बंद फाटकं. दोन टीचर भेटल्यासुद्धा, एक तमिळच्या, एक ड्रॉइंगच्या. ऊन असं होतं की डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले, तेव्हा परत फिरले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आमची आई म्हणायची. पापनाशमपर्यंत गेले मी. दोन गल्ल्या पलीकडे गेले नाही.

सोळाव्या दिवशी सकाळी आम्ही सिमच्या दुकानात गेलो, यांच्याच नंबरचं दुसरं सिम मिळतं का बघायला. तिथल्या मुलीनं सांगितलं, ज्यांच्या नावावर नंबर आहे त्यांना बोटाचा ठसा द्यायला आणा. माझी मुलगी म्हणाली, ते वारले. ती म्हणाली, मग दाखला आणा. बाहेर येऊन मुलगी रस्त्यातच थांबली. म्हणाली, "अम्मा, तू मला मारलंस तरी चालेल, मी निघाले." आणि ती वाध्यारांच्या गल्लीकडे चालायला लागली. मी तिच्यामागून गेले. तिला अडवायला गेले की सोबत, ते आजही मला सांगता येत नाही.

वाध्यार ओसरीवरच होते. मुलीनं सांगितलं. मी मान खाली घालून उभी. त्यांनी कुठलं दार लोटलं नाही. उठले, आत गेले, कपाटातून पिशवी आणली. फोन पंच्यात गुंडाळलेला, चार्जरसकट.

"अगं पोरी," ते मला म्हणाले, "त्याच दिवशी यायचं की. दानाला निष्क्रय असतो, बदली काहीतरी ठेवलं की झालं. नारळ ठेव एक. माणसाच्या जिवापुढं छत्री काय आणि फोन काय? पहिल्या दोन सकाळी हा वाजत होता. मी म्हटलं दुसऱ्याचा निरोप, आपण कसा घ्यावा? मग चार्ज संपला असेल, गप्प झाला."

एक नारळ. एका नारळाचं काम होतं.

त्यांच्याच घरी फोन लावला चार्जला, चालू झाला, आम्ही घरी पळालो. सहा आकडे आले, मुलीनं घातले, आणि ते ॲप उघडलं. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. यादी खाली खाली सरकत गेली, सगळे मिस्ड कॉल लाल अक्षरांत. यांनी नावं मराठीत पण तमिळ अक्षरांत लिहून ठेवलेली, आमच्या घरात सगळे लिहितात तशी. टीचर. टीचर. टीचर. यांच्या मरणाच्या दुसऱ्या दिवशी सहा वाजता. त्याच्या दुसऱ्या दिवशी. एकही दिवस खाडा नाही. चौदाव्या दिवशी सहा वाजून दोन मिनिटांनी. पंधराव्या दिवशी नाही. आज नाही.

नावावर दाबलं तर पत्ता होता. गावाचं नाव, कालव्याच्या पुलानंतर डावीकडे, निळं फाटक, कुत्रं नाही. शेजारणीचा नंबर. मुलीनं लावला. शेजारीण लेकीकडून कालच परतली होती. म्हणाली, फाटक बंद दिसलं, वाटलं टीचर झोपल्या असतील, त्यांना उठवलेलं आवडत नाही. "आत्ता जा," मी ओरडले, "फोन चालूच ठेव आणि जा." तिच्या चपलांचा आवाज आला. फाटकाचा आला. टीचर, टीचर, अशा तिनं हाका मारल्या. मग बराच वेळ काही नाही. मग तिनं जी किंकाळी फोडली, त्यावरून काय ते आम्हाला समजलं.

घरामागं, कपडे धुवायच्या दगडापाशी पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, पडल्या चौदाव्याच्या दुपारी-संध्याकाळी कधीतरी, आणि जीव होता जवळजवळ सोळाव्याच्या पहाटेपर्यंत. पंधराव्याच्या दुपारी मी ज्या तीन गावांतून फिरत होते, त्यातल्या तिसऱ्याच्या पुढच्या गावात त्या जिवंत होत्या. ऊन झालं म्हणून मी परत फिरले होते. त्याच उन्हात त्या उघड्यावर पडल्या होत्या.

बैल गेला अन् झोपा केला, म्हणतात तसं मी आता सगळं करते. वही घातली आहे. पासवर्ड माझ्याकडे आहे, मुलीकडे आहे, कपाटात लिहून ठेवला आहे. सकाळी सहाला खुर्चीत बसते आणि दहा कॉल मोजते. कुणी मला चांगली बाई म्हणालं की कानावर हात ठेवावेसे वाटतात.

टीचरांचा मुलगा क्रियाकर्म आटोपून परत गेला, आणि आठवड्यानं त्याचा कॉल आला, त्याच ॲपवर. आवाजात राग नव्हता. मी रागाला तयार होऊन बसले होते, पण तो अगदी हळू बोलत होता. म्हणाला, आईचा शेवटचा कॉल कधीचा, तेवढं सांगाल का? मी दिवस सांगितला, वेळ सांगितली. तो म्हणाला, म्हणजे दुसऱ्या दिवशी आला नाही, हे त्याच दिवशी दिसायला हवं होतं. मी म्हटलं, हो, पण आम्हाला ॲपमध्ये जाता येत नव्हतं, माझे यजमान गेले होते. त्यानं सांत्वनाचे दोन शब्द काढले. मला. मी त्याला सांत्वन देण्याऐवजी.

मग त्यानं विचारलं, "म्हणजे आत जायचा कुठलाच मार्ग नव्हता ना, अम्मा?"

त्याला 'नव्हता' एवढंच ऐकायचं होतं. मी तेवढं म्हटलं असतं, तर त्याला झोप लागली असती, आणि कदाचित मलाही.

"होता," मी म्हटलं. "दोन गल्ल्या पलीकडे होता. मी गेले नाही."